पावसाळ्यातली भाजीची बाग: माती ओली, तरी रोपं माना का टाकतायत?

नवीपालवी
नमस्कार मंडळी. घरामागच्या मोकळ्या जागेत चार वाफे केलेत आणि गच्चीवर काही कुंड्या आहेत. उन्हाळाभर वांगी, मिरची, टोमॅटो छान होते. आता पावसाची झड लागली आणि मिरचीने आणि वांग्याने माना टाकल्या. माती चाचपली तर नुसता चिखल! पाणी कमी पडलं की रोप सुकतं हे समजतं, पण इथे पाणी वरून कोसळतंय. खालची पानं पिवळी पडून गळतायत. पालक पेरला होता, तो उगवलाही, पण रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी झाली. काकडीचा वेल फुलांनी भरलाय आणि काकडी मात्र एकही धरलेली नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, पाऊस संपेपर्यंत वाफे रिकामे ठेव. मला ते पटत नाही. पाणी आयतं मिळतंय, ऊन सौम्य आहे, असे महिने वाया का घालवायचे? तुम्ही लोक पावसाळ्यात भाजी लावता का? लावत असाल तर ती जगवता कशी?

जुनेखोड
माझं मत तुमच्या काकूंच्या बाजूने. जागा सखल असेल आणि माती काळी, चिकण असेल तर झडीच्या दिवसांत भाजीच्या मागे लागू नये. ओल्या मातीत माणसं वावरली की ती दाबून घट्ट बसते आणि पुढे हिवाळाभर मोकळी होत नाही. थंडीतली भाजी रोगराईशिवाय भरभरून येते. तिच्यासाठी जमीन राखून ठेवा.

वाफसा
माती तुडवण्याबद्दल काका म्हणतात ते सोळा आणे खरं. पण बाग बंद ठेवायला मी सांगणार नाही.

आधी माना का टाकल्या ते बघू. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातून त्यांना प्राणवायू मिळतो. झड लागली की या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत जवळजवळ १०,००० पट सावकाश पसरतो. जो थोडाफार शिल्लक असतो तो मुळं आणि मातीतले जीव मिळून लवकरच संपवतात. गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे चहूकडे पाणी असूनही झाड तहानलेलंच राहतं. मध्येच दोन तास कडक ऊन पडलं की माना सगळ्यात जास्त पडतात, कारण पानांतून पाणी उडत असतं आणि खालून काही येत नसतं.

तेव्हा पावसाळ्यात आपली सगळी मेहनत मुळांशी हवा खेळती ठेवण्यासाठी असते. त्यावरचा उपाय म्हणजे गादीवाफा. जमिनीपासून निदान अर्धा फूट उंच, पाऊण फूट झाला तर उत्तम. रुंदी तीन-साडेतीन फुटांच्या आत, म्हणजे दोन्ही कडांवरून हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. दोन वाफ्यांमधली सरी उताराकडे मोकळी सोडायची. मातीत भरपूर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घालायचं, त्याने चिकण माती रवाळ होते.

पण हे काम आज काढू नका. आत्ता फक्त कडेने चर मारून साचलेलं पाणी बाहेर काढा. उघडीप मिळाली की मातीचा गोळा करून चिमटीत दाबून बघा. तो भुरभुरला तर वाफसा आला, वाफे बांधायला घ्या. चेपून नुसता पसरला तर अजून थांबा.

पागोळी
वाफसा यांना +१. पालवीताई, अजून एक बघा. छपराचं पाणी कुठे पडतं? १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. घराच्या मागच्या उताराचं छप्पर २० चौरस मीटरचं धरलं तर ५० मिलिमीटर पावसात तिथून १,००० लिटर पाणी खाली येतं. ते सगळं पागोळ्यांच्या एका रेषेत पडतं. त्या रेषेखाली वाफा असेल तर कितीही चांगली माती घाला, टिकणार नाही.

नवीपालवी
अहो, मिरचीचा वाफा नेमका पागोळ्यांखालीच आहे! आणि मिरचीच सगळ्यात आधी गेली.

पागोळी
मग छपराला पन्हळ लावून पाणी पिंपात घ्या किंवा पलीकडे काढा. मिरचीला पाय ओले राहिलेले मुळीच चालत नाहीत. तिला परसातली सगळ्यात उंच जागा द्या. पागोळ्यांखाली अळू लावा, ते तिथे मजेत वाढतं.

हिरवळ
पागोळ्यांखाली अळू, आणि अळूखाली बेडूक. आमच्याकडे तरी दोघांचा संसार सुखाने चाललाय. :)

गच्चीवाली
कुंड्यांबद्दल मी सांगते. तळाशी दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घाला, मग माती भरा. पाणी झरझर निघून जातं. मी वर्षानुवर्षं असंच करत आलेय. शिवाय कुंडी विटांवर उचलून ठेवा. गच्चीला टेकलेली कुंडी असेल तर खालचं भोक बंद पडतं.

वाफसा
कुंडी विटांवर ठेवण्याला पूर्ण अनुमोदन. खडीबद्दल मात्र माझा विरोध नोंदवतो, गच्चीवालीताई.

बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली ठिबकायला लागतं. म्हणजे मातीच्या तळाशी जो चिंब थर राहतो तो खडी घातल्याने नाहीसा होत नाही, दोन इंच वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. घरी करून बघण्यासारखं आहे: स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा करा, लगेच आणखी पाणी गळेल. उंची वाढली की पाणी निघतं. म्हणून पावसाळ्यात उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी, आणि खडीची जागाही मातीलाच द्यावी. भोकावर एक खापराचा तुकडा किंवा जाळी पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

गच्चीवाली
माझ्या कुंड्यांतली झाडं तर चांगली आहेत, मग ते कसं?

वाफसा
तुमच्या मिश्रणात वाळू आणि जाडसर कंपोस्ट असणार. माती मोकळी असली की चिंब थर मुळातच पातळ असतो, खडी असो वा नसो. शक्य असेल तर दोन सारख्या कुंड्या भरा, एकीत खडी, दुसरीत नाही. दोन्हींत एकच रोप लावा आणि ही झड संपल्यावर इथे सांगा.

गच्चीवाली
करते. भोपळी मिरचीची जोडी लावते आणि सांगते.

कोकोवाला
कुंडीच्या मिश्रणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उन्हाळ्यात आपण कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हात सैल सोडून घालतो, पावसाळ्यात तेच नडतं. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. उघड्यावरच्या कुंडीत या दिवसांत त्याचं प्रमाण निम्म्यावर आणा आणि जाड वाळू किंवा भाताची तुसं घाला.

सुगरण_परस
पालकाची रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली, ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरश्या ओल्या, दाट, वारा न लागणाऱ्या रोपांत शिरतात. पिथियम तर पाण्यात वाढणारीच जात. तिचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून पोहत रोपापर्यंत जातात. एकदा रोप पडलं की ते उठत नाही, त्यावर औषध शोधत बसू नका.

रोपं छपराखाली पण उजेडात करा. वर पारदर्शक प्लास्टिक आणि चारही बाजू उघड्या, एवढंसं छप्पर पुरतं. बी विरळ टाका, बियाच्या जाडीच्या दुपटीपेक्षा खोल नको. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा ट्रे पाण्यात थोडा वेळ ठेवून खालून शोषू द्या आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नका. कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा मिसळून ते ओलसर, सावलीत आठवडाभर ठेवलं आणि मग रोपाच्या मातीत घातलं तर चांगला फरक पडतो. ही बुरशी रोगकारक बुरशांवरच जगते.

पालक, मेथी, कोथिंबीर मात्र मी झडीत उघड्यावर पेरतच नाही. पालेभाजी हवी तर माठ, अंबाडी, मायाळू लावा. नाळीची भाजी तर पाण्यातच वाढते.

हिरवळ
मायाळूला माझं मत. एकदा लावा, मग ती कुठे कुठे चढते ते बघत राहा.

मोरचूद
रोगांवर बोर्डो मिश्रणाचं नाव अजून कोणी घेतलं नाही! १८८५ साली फ्रान्समधल्या बोर्दो भागात मियार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी ते पुढे आणलं, आजही चालतं. १ टक्क्याचं करायचं तर १० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा क्षार) अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळा विरघळवा. भांडी प्लास्टिकची घ्या, धातूची नको. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळा. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी वापरून टाका. टोमॅटोचा करपा, काकडीचा केवडा, दोन्हींवर चालतं.

सुगरण_परस
मोरचूद यांची कृती बरोबर आहे, पण घरच्या चार वाफ्यांत मी ते वापरणार नाही, आणि पालवीताईंनाही आग्रहाने नको म्हणेन. तांबं मातीत कुजत नाही, वर्षागणिक साठत जातं. काकडीवर्गाची कोवळी पानं त्याने भाजतात, त्यातही हवा थंड, ओली असेल तर जास्तच. ते रोग यायच्या आधी पानावर असलं तरच उपयोगी, आलेला रोग त्याने बरा होत नाही. आणि ज्या मातीत ट्रायकोडर्मा सोडलाय तिथे बोर्डो ओतलं तर ट्रायकोडर्माच मरणार.

घरच्या बागेत आपल्याकडे वेळ आणि हात असतात, त्यांचा उपयोग करावा. टोमॅटोची जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका, पावसाचे थेंब मातीवर आपटून जे शिंतोडे उडतात त्यांतूनच करप्याचे बीजाणू खालच्या पानांवर चढतात. जमिनीवर वाळक्या पाल्याचं आच्छादन टाका, खोडापासून वीतभर लांब. डाग पडलेलं पान दिसताक्षणी तोडा आणि बागेबाहेर न्या.

मोरचूद
नियमित फवारा असं मीही म्हणत नाही. टोमॅटोला उशिराचा करपा लागला की दोन-चार दिवसांत अख्खं झाड काळं पडतं. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक ज्याने गेलं तोच हा फायटोफ्थोरा. नुसती पानं तोडून तो थांबत नाही.

सुगरण_परस
म्हणून तर टोमॅटो या दिवसांत उघड्यावर नकोच. छपराखाली दोन कुंड्या ठेवा, पान कोरडं राहिलं की तो रोग येत नाही.

मोरचूद
छपराखाली असेल तर मी माघार घेतो. :)

वेलमांडव
काकडीला फुलं आहेत आणि काकडी नाही, हा प्रश्न मागे पडला. तो माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

काकडी, दोडका, दुधी, कारलं, भोपळा या सगळ्या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाचा देठ सरळ असतो. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, तेव्हा पहिल्या बहराला फळ नसेल तर काळजी नको. पण मागे बारीक काकडी असलेली फुलं येऊनही ती काकडी पिवळी पडून गळत असेल तर परागीकरण होत नाहीये. पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि पराग भिजला की फुटून निकामी होतो.

अशा वेळी हे काम आपण करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. पावसाचा रंग दिसत असेल तर त्या फुलावर कागदाची टोपी घाला.

आता वेळ. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा सकाळीच करा, दुपारी उपयोग नाही. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात. अनेकांचा दोडका यासाठीच फसतो, सकाळी चहा घेऊन बागेत जातात आणि मिटलेली फुलं बघून परत येतात. दोडक्यासाठी दिवेलागणीला जा. मादी फुलामागचं फळ चार दिवसांनी फुगलेलं दिसतं ना, तो आनंद शब्दांत सांगता येत नाही.

आणि मांडव पक्का करा. भिजलेल्या वेलाचं वजन आणि वर वारा, यात बारीक काठ्यांचा मांडव बसतोच. मांडवामुळे फळ जमिनीला टेकत नाही, वारा खेळतो, पानं लवकर सुकतात. केवडा पान ओलं राहिलं की येतो. भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी पूड दिसते त्या रोगाचं, वेगळं, तिला पानावर साचलेलं पाणी आवडत नाही, ती बहुधा उघडीप मिळाल्यावर दिसते.

नवीपालवी
वेलमांडव, किती छान सांगितलंत! उद्या सकाळी काकडीवर करून बघते. दुसऱ्या कोपऱ्यात दोडका आहे, तिथे संध्याकाळी जाईन.

कडूकारलं
फळ धरलं की पुढचा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ वाकडं होऊन सडतं. अळी मग फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. म्हणून डंख झालेलं फळ झाडाखाली किंवा कंपोस्टात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. बोटाएवढं फळ झालं की त्याला कागदाची किंवा कापडाची पिशवी चढवा, घरच्या बागेला यापेक्षा खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. वेलवर्गासाठी क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा मिळतो. त्याकडे नर माश्या येतात, तेव्हा त्यावर एकट्यावर विसंबू नका.

शंखशिंपला
आणि गोगलगायी? आमच्याकडे रात्रीत भेंडीची सगळी रोपं फस्त झाली. मीठ टाकू का?

वाफसा
मीठ नको! गांडुळं मरतील, माती खारट होईल. राख आणि चुन्याच्या रेषाही पहिल्या सरीत भिजून निकामी होतात.

गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा. पहाटे त्याच्याखाली गोगलगायी जमलेल्या असतात, गोळा करून साबणाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला. आफ्रिकी मोठ्या गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाला बाधतात. त्याच कारणाने या दिवसांत पालेभाजी एकेक पान सुटं करून धुवा. लहान रोपांना दुसरं संरक्षण म्हणजे ती बरी मोठी होईपर्यंत छपराखाली ठेवणं.

मनीमाऊ
घरात कुत्रं-मांजर असेल तर कृपया मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरू नका. त्यांना ते फार विषारी आहे. गोळ्या घालायच्याच असतील तर आयर्न फॉस्फेटच्या घ्या, त्या पुष्कळ सुरक्षित आहेत.

शंखशिंपला
बरं झालं विचारलं. गोणपाट काढते माळ्यावरून.

गच्चीवाली
गच्चीवर बाग असणाऱ्यांनी वजनाचंही बघा. पाण्याने भरलेली एक घनमीटर माती जवळपास पावणेदोन ते दोन टन भरते. फूटभर जाडीचा वाफा गच्चीवर केला तर चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो होतात. बहुतेक गच्च्या एवढ्यासाठी बांधलेल्या नसतात. कुंड्या कडेने, तुळयांच्या रेषेत ठेवा आणि मोठा वाफा करण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला विचारा. पाणी जायची मोरीही रोज मोकळी करा, पाल्याने तुंबली की गच्चीचं तळं होतं. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून ठेवा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

खतपाणी
खालची पानं पिवळी पडतायत त्याबद्दल कोणी बोललं नाही. त्याचं एक कारण गुदमरलेली मुळं, दुसरं नत्राची टंचाई. मातीतलं नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, जोराच्या पावसात ते खाली वाहून जातं. शिवाय हवा नसलेल्या मातीत काही जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. झाड मग जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून खालून पिवळं पडत जातं. लगेच युरियाची मूठ टाकू नका, मुळं ते घेऊ शकत नाहीत आणि पुढच्या सरीत तेही वाहून जाईल. पाऊस ओसरल्यावर मूठमूठ कंपोस्ट, थोडं थोडं करून दर पंधरा-वीस दिवसांनी.

नवीपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. आजच्या उघडिपीत चर काढला. छपराचं पाणी सध्या एका जुन्या पाइपाने पलीकडे सोडलंय. काकडीच्या फुलांवर सकाळी पराग फिरवून कागदाच्या टोप्या घातल्या.

पण वांग्याचं कळत नाहीये. ती उंचावर आहेत, पाणी साचत नाही, तरी त्यातली काही एकाएकी सुकली. पानं हिरवी असतानाच लोंबली.

सुगरण_परस
हिरवी असतानाच लोंबली? मग परीक्षा करा. सुकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, वीतभर तुकडा घ्या. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरा, तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असं धरा आणि पेला हलवू नका. काही मिनिटांत त्यातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर. रालस्टोनिया नावाचा जिवाणू असतो, तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत भरतो. धार नसेल तर मुळं धुऊन बघा. ती तपकिरी असतील आणि ओढल्यावर साल निघून आत दोरा उरत असेल तर मूळकूज.

नवीपालवी
केली परीक्षा. पांढरी धार उतरली. अगदी स्पष्ट, धुरासारखी. मिरचीचंही खोड घेतलं, त्यात काही नाही. मिरचीची मुळं मात्र तपकिरी आहेत आणि साल निघते.

सुगरण_परस
म्हणजे दोन वेगळे आजार आहेत. मिरची पाण्याने गेली. तिथला निचरा झाला की पुढच्या वेळी जगेल. जी मिरची अजून तगून आहे तिची फुलं-फळं काढून टाका, दोन दिवस ऊन पडलं तर सावली धरा, नवा शेंडा दिसेपर्यंत खत नको.

वांग्याची गोष्ट गंभीर आहे. मेलेली झाडं मुळासकट काढा, कंपोस्टात नको. तिथून वाहणारं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, खुरपं धुऊन मगच दुसरीकडे वापरा. हा जिवाणू मातीत बराच काळ राहतो, त्यावर घरच्या बागेत औषध नाही. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा काही नको. आलंही नको, त्यालाही याच जातीच्या जिवाणूची मर लागते. भेंडी, गवार, चवळी, वेल हे लावा. वांगं हवंच असेल तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळतात, ती दुसऱ्या वाफ्यात लावा.

जुनेखोड
परीक्षा करून बघितलीत हे फार चांगलं केलंत. नाहीतर लोक अंदाजाने फवारत बसतात.

आता मूळ प्रश्नावर येतो. मी बंद ठेवा म्हटलं ते सखल, चिकण जमिनीसाठी, आणि तिथे मी अजून त्यावरच ठाम आहे. पण रिकामी ठेवा असा अर्थ घेऊ नका. उघड्या मातीवर पाऊस आपटला की वरचा थर वाहून जातो आणि उरलेला कवचासारखा घट्ट होतो. तिथे ताग पेरा. पाणी फारच साचत असेल तर धैंचा, तो साचलेलं पाणी सहन करतो. दीड महिन्याने, फुलोऱ्यावर येताना कापून मातीत गाडा, कुजायला दोन-तीन आठवडे द्या, मग थंडीची भाजी लावा. वांग्याच्या वाफ्यातही तेच करा. उरलेले उंच वाफे भाजीला घ्या, माझी हरकत नाही.

वाफसा
काका, हे तर मलाही मान्य. एक वाफा तागाला, दोन उंच वाफे भेंडी-गवार आणि वेलांना, आणि पागोळ्यांखालचा अळूला. चार झाले.

हिरवळ
मिरचीचं काय?

पागोळी
मिरची गच्चीवर, खोल कुंडीत, विटांवर. खडी घालून की न घालता, ते गच्चीवालीताई ठरवतील. :)

शेंगवाला
धागा उशिरा पाहिला. भेंडी लावणाऱ्यांसाठी एक सूचना: पानांच्या शिरा पिवळ्या दिसल्या तर तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. झाड लगेच उपटा. पिवळे चिकट सापळे लावा आणि पाऊस थांबलेल्या संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पाऊस पडला तर तो धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो.

नवीपालवी
नोंद केली. एक शेवटचा प्रश्न. घरी वालाचं बी आहे. आता पेरला तर चालेल का, की तोही सडेल? मागच्या वर्षी मैत्रिणीकडे नुसता वेलच वाढत होता, शेंग नाही, म्हणून तिने तो उपटून टाकला.

शेंगवाला
अरेरे, थोडं थांबायला हवं होतं तिने. वालाच्या बऱ्याच वेली जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. पावसाळाभर नुसता वेल वाढतो आणि पाऊस सरताना फुलोरा येतो. आता पेरा, उंच वाफ्यावर, एका जागी दोन बिया, इंचभर खोल. मांडव आधीच बांधून ठेवा. आणि नत्र घालू नका, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. जास्त खत दिलं तर पानंच पानं होतील.

वेलमांडव
मांडव दोडक्याच्या मांडवापासून जरा लांब करा, दोन्ही वेल एकमेकांत गेले की फुलं शोधताना हाल होतात. आणि पालवीताई, काकडीच्या टोप्यांखाली काय झालं ते कळवायचं राहिलंय!

नवीपालवी
तीन फुलांमागे काकडी फुगलीय! बाकीची उद्या सकाळी बघते. दोडक्याला आज संध्याकाळी पाऊस नव्हता, सगळी मादी फुलं उरकली.